बॉस्टनचा बर्फ

गाडीची किल्ली फिरवण्याआधी कॅप्टन मागे वळून विचारायचे, "सगळे आले का?" गाडीत आम्ही दोघंच असलो आणि कोपऱ्यावरून दूध आणायला निघालो असलो, तरी हा प्रश्न चुकायचा नाही. उत्तर द्यायचं काम माझं, कारण शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा पसरून मीच बसलेला असायचो. "आले कॅप्टन, चला," असं मी म्हटल्याशिवाय गाडी हलत नसे.

नव्वदच्या दशकात पिस्कॅटवेला आमच्यासारखे व्हिसावर आलेले कॉम्प्युटरवाले बिल्डिंगागणिक होते. कॅप्टन मूळचे पुण्याचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, बायको-मुलगी सोबत असलेले. म्हणजे आम्हा सड्याफटिंगांच्या हिशेबात बडं प्रस्थ. त्यांनी जन्मात कुठल्या टीमचं नेतृत्व केलं नव्हतं, सहली आखायचे म्हणून ते कॅप्टन. मी नागपूरहून नवा आलो तेव्हा बर्फात कुठले बूट घालायचे इथपासून ड्रायव्हिंगच्या परीक्षेत गाडी मागे कशी घ्यायची इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. रविवारी वहिनींच्या हातची आमटी मला हक्काची होती.

त्या प्रश्नाचा जन्मही माझ्यामुळेच झाला होता. आम्ही दोन गाड्या घेऊन वॉशिंग्टनला चेरीची फुलं बघायला निघालो होतो. हायवेवर थांबलो, मी बाथरूमला गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर दोन्ही गाड्या पसार. प्रत्येकाला वाटलं, मी दुसऱ्या गाडीत आहे. पुढच्या एक्झिटवरून कॅप्टन उलटे फिरून मला न्यायला आले. मी रडकुंडीला आलो होतो आणि ते स्वतःवरच भडकले होते. "माणूस सोडून जायला मी काय बस आहे?" असं म्हणत त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. परदेशात आपलं कोणी आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

बेसबॉलचं वेडही त्यांचंच. "क्रिकेट डोक्यातून काढ, मग हा गेम दिसेल तुला," म्हणायचे. पण टीव्हीपेक्षा त्यांचा रेडिओवर जीव. "टीव्हीवर मॅच दिसते रे, रेडिओवर समजते." त्यांच्या नादाने मीही एक छोटा रेडिओ घेतला आणि भांडी घासताना मॅच ऐकायला लागलो. सीझनच्या पहिल्या मॅचचं तर त्यांना सणासारखं कौतुक. "त्या दिवशी कोणीच हरलेलं नसतं," असं ते दरवर्षी सांगायचे आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायचो.

एका वर्षी ठरलं की पहिली मॅच बॉस्टनला जाऊन बघायची. समोर न्यूयॉर्कची टीम. हिवाळाभर आम्ही दोघं त्या वीकएंडची आखणी करत बसलो. गुरुवारी ऑफिसनंतर निघायचं, बॉस्टनजवळ श्रूजबरीला कॅप्टनच्या मावसभावाकडे मुक्काम, शुक्रवारी दुपारी मॅच, शनिवारी बंदर आणि मत्स्यालय. पार्किंग मिळालं नाही तर प्लॅन बी, मुलगी कंटाळली तर प्लॅन बी. ट्रिपला निघताना आन्सरिंग मशीनवर नवा मेसेज भरायचा, ही तर त्यांची ठरलेली शिस्त. इंडियातून फोन आला तर घरच्यांना काळजी नको. पुऱ्या वहिनींकडे, चिवडा माझ्याकडे. "नागपूरचा पाहिजे हं, तिखट," असं मला बजावून झालं होतं.

मॅचच्याच महिन्यात आमची तिथली बौद्ध मंडळी मिळून चौदा एप्रिलची जयंती साजरी करणार होती. मी कॅप्टनना आणि वहिनींना आमंत्रण द्यायला गेलो. "येणार की," वहिनी म्हणाल्या. कॅप्टन माझ्याकडे जरा नव्याने पाहत राहिले. मग "अच्छा, अच्छा," म्हणून त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. मला त्यात काहीच खटकलं नाही. इतकी वर्षं माझं आडनाव त्यांना माहीत होतं, त्याचा अर्थ कधी लागला नसावा.

गुरुवारी दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. "अरे, बॉस्टनला तुफान स्नो पडतोय. मॅच पोस्टपोन केली यार. ट्रिप कॅन्सल केलीय मी." आवाज इतका पडलेला होता की मीच त्यांची समजूत काढली.

शुक्रवारची रजा टाकलेलीच होती. दुपारी ओट्यावर चिवड्याचा डबा उघडून बसलो आणि सवयीने रेडिओ लावला. बॉस्टनचं मैदान खचाखच भरलं होतं. निवेदक स्वच्छ उन्हाचं कौतुक करत होता. मला आधी कॅप्टनचीच कीव आली. बिचाऱ्यांना कोणीतरी चुकीचं सांगितलं, हिवाळाभराची मेहनत वाया गेली, म्हणून मी घाईने त्यांना घरी फोन लावला. मशीनवर त्यांचा उत्साही आवाज होता, "नमस्कार! आम्ही वीकएंडला बॉस्टनला गेलो आहोत. मॅच बघून रविवारी परत येऊ."

माझ्याशी खोटं बोलले आणि मशीनला मात्र खरं सांगून गेले. मी पुन्हा फोन लावला आणि पुन्हा तेच ऐकलं. मग रेडिओ बंद केला. चिवडा सोमवारी ऑफिसात नेऊन ठेवला.

त्यांच्या दारात जाऊन विचारलं तेव्हा कॅप्टन चपलांकडे बघत बोलले. "माझं काही नाही रे. तुला माहितेय मी कसा आहे. श्रूजबरीला मावसभावाच्या आत्या आल्यात इंडियाहून, त्यांचं फार सोवळं. त्यांनी विचारलं, सोबत कोण येतंय, आडनाव काय. तिथे तुलाच ऑकवर्ड झालं असतं."

"मला सांगायचं होतं, कॅप्टन. मी मोटेलमध्ये राहिलो असतो."

"तुला वाईट वाटलं असतं."

आत्याबाईंना मी कधी पाहिलं नाही, त्यामुळे त्यांचा मला राग नाही. राग कॅप्टनचा आला, आणि तो अजून गेलेला नाही. पाऊस, पार्किंग, कंटाळलेलं पोर, सगळ्याला या माणसाकडे प्लॅन बी होता. माझ्या वेळेला त्यांना फक्त बर्फ सुचला. जयंतीला वहिनी एकट्या आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या, आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

पुढे त्यांना टेक्ससमध्ये नोकरी लागली आणि फ्रिस्कोला जायचं ठरलं. वहिनींनी फोन करून बोलावलं म्हणून निरोपाला गेलो. सामान भरायला हातही लावला. वहिनी आणि मुलगी मागच्या सीटवर खोक्यांमध्ये दाटीवाटीने बसल्या. पुढची सीट नकाशापुरती रिकामी होती. कॅप्टननी माझा हात हातात घेतला आणि "रेडिओ ऐकतोस ना रे?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. ते खरंच होतं.

मग ते स्टिअरिंगवर बसले, किल्लीला हात घातला आणि मागे वळले. "सगळे आले का?"

वहिनी खाली बघत राहिल्या. मुलीने कानातला वॉकमन काढला नाही. कॅप्टन सवयीने शेजारच्या सीटकडे वळले आणि मग उघड्या काचेतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीपासून दोन हात अंतरावर उभा होतो. ते उत्तर द्यायचं काम माझं होतं, आणि ते थांबले होते.

मी दिलं नाही. बराच वेळ गाडी तशीच उभी राहिली.