फडताळातला दिवा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घेताय नं, मग ऐका. फक्त हसायचं ते मनातल्या मनात. कारण तीस वर्षं मी इथे भोपाळमध्ये सरकारी इलेक्ट्रिकल इंजिनिअर होतो, आणि शेवटी विजेनंच माझं नाक कापलं!

निवृत्तीनंतर मला घरात काही काम उरलं नव्हतं. बायको म्हणते, आधीही नव्हतं. तर मी ठरवलं, बाग सेवनियाच्या या आपल्या घरातला एकूण एक जुना बल्ब काढायचा आणि एलईडी लावायचे. जेवताना बायकोला, सुलभाला, अख्खं व्याख्यान दिलं. "अगं, जुना बल्ब म्हणजे नुसती नासाडी! प्रकाश जेमतेम, बाकी सगळी उष्णता. त्या उष्णतेचा कुणाला काय उपयोग?"

"पोळी घ्या," ती म्हणाली. "आणि लावायचेच तर पिवळे लावा. पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं दिसतं."

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली आणि मी शिडी काढली. बैठक झाली, बाथरूम झालं. स्वयंपाकघरातलं फडताळ उघडतो तर काय, आत साठ वॉटचा बल्ब जळतोय! दार बंद आणि आत दिवा! डाळीच्या डब्यांना अंधाराची भीती वाटते की काय? विसरली असेल बिचारी, म्हटलं. तिथलं एक झाकलेलं पातेलं बाजूला सरकवलं, नवा एलईडी लावला आणि मोठ्या मनानं चालूच ठेवला. जळ म्हटलं हवा तेवढा!

जुने बल्ब कुणाला दिले? हरप्रसादला. वीस वर्षं आमच्याकडे स्वतःच्या म्हशींचं दूध घालणारा माणूस. "ले जाओ, तबेले में लगा लेना. अपने यहाँ अब ये कचरा नहीं चलता."

"हओ साहब," म्हणत त्यानं ते मफलरमध्ये नीट गुंडाळले.

त्या दिवसापासून आमच्याकडे दही लागेना!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, जानेवारीची थंडी आणि रविवारी मुलीच्या सासूबाई नागपूरहून लग्नानंतर पहिल्यांदाच येणार होत्या. सुलभाचं श्रीखंड आमच्या नात्यागोत्यात नावाजलेलं. दही घरचं, चक्का घरचा. लग्नात तिनं विहीणबाईंना चारचौघांत सांगितलं होतं, "या एकदा, आमच्या हातचं खायला." आणि इथे सकाळी पातेल्यात बघावं, तर आंबूस वासाचं दूध!

तिनं शेजारणीकडून विरजण बदलून आणलं. नाही लागलं. मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी टी. टी. नगरला जाऊन लॅक्टोमीटर आणला, दुधातलं पाणी ओळखायची नळी. तिनं दूध चोख दाखवलं. मी काय निष्कर्ष काढला? नळी बिघडलेली आहे!

गुरुवारी मी हरप्रसादला फाटकातच गाठलं. "पानी मिलाते हो? दही जमता ही नहीं! बीस साल का भरोसा तोड़ दिया! कल से मत आना." त्यानं दुधाचा कॅन उचलला आणि मोटारसायकल वळवली. मग पिशवीचं दूध आणलं. तेही लागलं नाही! तर मी म्हणालो, "सगळ्यांनी मिळून कट केलाय."

शुक्रवारी संध्याकाळी सुलभा रडवेली झाली होती. आज लागलं नाही तर चक्का कधी टांगणार? तेवढ्यात हरप्रसाद दारात. हातात वाडगं. त्यात दही असं घट्ट, की चमचा उभा राहील.

"भाभीजी, उसी भैंस के दूध का है. मेरे यहाँ तो जम रहा है. आप जमाती कहाँ हो?"

"यहीं, हर साल ठंड में," म्हणत सुलभानं फडताळ उघडलं.

त्यानं हात घालून बल्ब चाचपला. "साहब, ये तो ठंडा पड़ा है."

आणि मी, छाती फुगवून, बरं का, छाती फुगवून म्हणालो, "यही तो खूबी है! दिन-रात जलाओ, तपता ही नहीं! पुराने वाले की सारी गर्मी..."

सुलभानं आधी बल्बकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग माझ्याकडे.

"जुना कुठाय?"

हरप्रसादच जरा संकोचत बोलला, "बछड़े के पास लगा है, भाभीजी. ठंड में अच्छी सेंक देता है."

मला खरंच लाज वाटली हो. मी हात जोडून त्याची माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "छोड़ो साहब, बल्ब ले आता हूँ." मोटारसायकलवर गेला आणि त्याच मफलरमधून घेऊन आला. आता वासराला थंडी वाजणार, म्हणून सुलभा आत गेली आणि एक शाल आणून तिनं त्याच्या हातात ठेवली. माझ्या निरोप समारंभाची शाल!

शनिवारी सकाळी दही कवडीसारखं लागलं. रविवारी विहीणबाईंनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. मी मान खाली घालून खात होतो.

"अहो व्याही," त्या मध्येच म्हणाल्या, "निरोप समारंभाच्या फोटोत तुमची शाल काय सुरेख दिसत होती! वापरता की नाही?"

सुलभानं माझ्या वाटीत श्रीखंड वाढलं.

"दिली," ती म्हणाली. "ओळखीत एक आहे, त्याला विजेतलं ह्यांच्यापेक्षा जास्त कळतं."