बारावीला गणित नव्हतं

"मॅडम, तुम्हाला बारावीला मॅथ्स नाहीये," असं म्हणून काउंटरवरच्या मुलीनं माझी फाईल माझ्याकडं परत सरकवली.

मी म्हटलं, "नाहीये. पण तुमच्या प्रवेश परीक्षेत होतं ना? अर्धा पेपर गणिताचाच होता. त्यात पास झाले म्हणून तर बोलावलंत."

"ते बरोबर आहे, पण पात्रतेत बसत नाही. बारावीला किंवा डिग्रीला गणित पाहिजे. तुम्हाला तर..." तिनं मार्कलिस्ट डोळ्यांजवळ धरली. "क्रॉप सायन्स? हे काय असतं?"

माझ्या मागं रांगेतली पोरं फिसकन हसली. माझ्या निम्म्या वयाची पोरं! मी म्हटलं, "पिकांचं शास्त्र असतं. दुपारी डब्यात भात खाता ना, त्याचं." तिनं बिचारीनं मार्कलिस्ट फाईलवर ठेवून दिली. तिच्यावर चिडून उपयोग नव्हता, पण मला दुसरं कुणी समोर दिसत नव्हतं.

मला इन्फर्मेशन सिस्टिम्सची मास्टर्स करायची होती. दोन वर्षांची, शनिवार-रविवारी वर्ग, म्हणजे नोकरी सांभाळून जमणारी. कुठल्याही शाखेची पदवी, पन्नास टक्के, प्रवेश परीक्षा आणि शेवटी ती गणिताची ओळ. ती मी वाचली नव्हती असं नाही. फोन करून विचारलंसुद्धा होतं. "या हो मॅडम, कागदपत्रं तपासताना बघू," असं पलीकडचा माणूस म्हणाला होता. घ्या, बघितलं!

विभागप्रमुखांना भेटले. ते चांगलं बोलले, खुर्ची दिली. "नियम मी केलेले नाहीत," म्हणाले. "बारावीचं गणित एकच सुटा विषय म्हणून बाहेरून देता येतं. ते द्या आणि पुढच्या वर्षी या. प्रवेश परीक्षा मात्र पुन्हा द्यावी लागेल."

"म्हणजे जे गणित मला येतं हे तुम्हीच तपासलंत, ते येत नाही म्हणून मी परत जायचं, आणि येतं हे दाखवायला पुन्हा यायचं?"

ते हसले. मला काही हसू आलं नाही.

आता मला पुढचं वर्ष का चालणार नव्हतं ते सांगते. तळेगावजवळ आंबीच्या एका कारखान्यात मी डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून लागले, आणि कागदावर अजूनही तीच आहे. गोदामात कुठला माल किती उरला, कुठला संपत आला, हे ज्या सिस्टीमवर दिसतं ती बंद पडली की सगळे माझ्याच टेबलाशी येतात. यंदा सिस्टिम्स विभागात एक कायमची जागा निघाली. साहेब म्हणाले, "मास्टर्स पाहिजे. शिकत असलात तरी चालेल, पण यंदाच्या प्रवेशाची पावती आणून दाखवा." पावती नाही तर ती जागा नव्या इंजिनिअरला जाणार होती. त्याला काम मीच शिकवलं होतं. चांगला मुलगा आहे, पण म्हणून मी त्याला साहेब म्हणायचं?

लोणावळ्याला घरी आले तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड होत होता. नवरा म्हणाला, "जाऊ दे, नशिबात नव्हतं." मी म्हटलं, नशिबाला मध्ये आणू नकोस. हे माणसांनी केलंय आणि कुणी केलंय ते मला ठाऊक आहे.

माझं माहेर कामशेतहून आत, नाणे मावळात. दहावीनंतर गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात सायन्सला गेले. दहावीला मला गणितात चांगले मार्क होते. पण कॉलेजातले आमचे सर घरी आले, पडवीत बसून चहा प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "आबा, पोरींना गणित झेपत नाही. उगाच बारावीला गचकायची. क्रॉप सायन्स घेऊ द्या, दोनशे मार्कांचा विषय आहे, मार्क पडतात." वडील म्हणाले, "बरंच झालं की. आपली शेतीच हाय." मी आत भाकरी थापत होते. मला कुणी हाक मारून विचारलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी भाऊ दहावी झाला, तर त्याला गणितासाठी तळेगावच्या कॉलेजात घातलं. त्याला गणितात जेमतेम पस्तीस होते, हेही सांगून टाकते.

मी भातावरची कीड ओळखायला शिकले, खतांची मात्रा शिकले. लग्न झाल्यावर हक्कसोडपत्रावर सही करून शेत भावाला दिलं. म्हणजे शेताचं शास्त्र मला आणि शेत त्याला! त्याचंही तेव्हा मला काही वाटलं नाही, कारण सगळ्याच जणी सही करायच्या. पण गणित झेपणार नाही हे मात्र मी मनोमन खरं मानून बसले. बीएस्सीला बॉटनी घेतली तीही त्याच धास्तीनं.

सुट्या विषयाच्या फॉर्मची चौकशी करायला आणि जुन्या दाखल्याची नक्कल घ्यायला मी त्याच ज्युनिअर कॉलेजात गेले. सर अजून तिथंच, आता निवृत्तीला आलेले. मला बघून मनापासून खूश झाले. "अगं, ये, ये! कंपनीत मोठी साहेबीण झालीस म्हणे!"

त्यांच्या टेबलासमोर एक बाई आणि तिची मुलगी बसली होती. अकरावीचे प्रवेश चालले होते. प्रवेश हल्ली ऑनलाइन झालेत, पण विषय कुठले घ्यायचे ते अजून सरांच्या टेबलावरच ठरतं. मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक गुंडाळत होती. सर माझ्याकडं बोट दाखवून त्या बाईला म्हणाले, "मावशी, ही बघा. आपल्याच कॉलेजची. हिला क्रॉप सायन्सच होतं. काय अडलं हिचं? आज कॉम्प्युटरवर बसते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस माझं उदाहरण देऊन अजून एका पोरीला गणित सोडायला लावत होता!

"सर, काय अडलं ते मी सांगते," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. काउंटर, हसणारी पोरं, पावती, जागा. माझा आवाज इतका चढला की शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"अगं, ओरडतेस काय?" सर म्हणाले. "गणिताला शिक्षक आहे कुठं? तुझ्या वेळी नव्हता, आत्ताही नाही. पद भरतच नाहीत. मी एकटा काय करू?"

"मग तसं सांगा ना! शिक्षक नाही असं सांगा. पोरींना झेपत नाही असं का सांगता? मी इतकी वर्षं ते खरं मानलं, सर! स्वतःला मठ्ठ समजत राहिले."

सर चष्मा काढून पुसत बसले. मला क्षणभर त्यांची दया आली, पण राग काही गेला नाही.

ती बाई सरांकडं वळली. "व्हय सर, तुमी मला पन तसंच म्हनला की. झेपनार न्हाई म्हनला." मग पोरीला विचारलं, "तुला येतं का गं गनित?"

पोरगी म्हणाली, "येतं की."

बाईनं टेबलावरचे कागद गोळा केले, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "ताई, तळेगावला रोज जायचं तर लोकलचा पास कुटं काढत्यात? काय काय लागतं?"

मी सांगितलं. कॉलेजचा दाखला, फोटो, कामशेतच्या तिकीट खिडकीवर काम होतं. तिनं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि पोरीला घेऊन गेली.

माझी सीट प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी गेली, कंपनीतली जागा त्या मुलाला गेली. मी फॉर्म भरलाय, फेब्रुवारीत गणिताचा पेपर देणार आहे आणि तो मला झेपणार आहे. पण त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये मला रडू कोसळलं ते सीटसाठी नव्हतं. पोरीला गणित येतं का आणि पास कुठं काढतात, एवढंच विचारलं त्या बाईनं. माझ्या घरात हे माझ्यासाठी ना बापानं विचारलं, ना आईनं, आणि त्याचा मला आज या वयातही भयंकर राग येतो.