बुडाला पाच थर

आमच्या अंगणात अठरा फुटांची फायबरची मासेमारीची होडी सहा वर्षं उपडी पडून होती, आणि घरात तिचा मान माझ्यापेक्षा मोठा होता. एकदा मी पाय घसरून तिच्यावर आपटले. सासरे ओट्यावरून लगबगीने उठले आणि आधी तिला कुठे तडा गेलाय का ते बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लागला का तुला?" मी नाही म्हटलं. खरं तर कोपर चांगलं सोलपटलं होतं, पण सांगून उपयोग काय.

मी तुळिंजची. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढलेली, आईवडील देशावरचे. समुद्र आम्ही वर्षातून एकदा बघायचो, तोही भेळ खात. लग्न करून वसईच्या या मच्छीमार वस्तीत आले तेव्हा मासे साफ करायला शिकले, घरची बोली समजायला शिकले. सासऱ्यांचे गुडघे गेले आणि समुद्र सुटला, हेही समजलं. पण जी होडी पाण्यात जात नाही तिच्यासाठी अर्धं अंगण अडवून ठेवायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. शेजारणी तिच्यावर बोंबील वाळत घालायच्या आणि आमची कोंबडी तिच्याखाली अंडी घालायची. एवढाच तिचा उद्योग होता.

मला ती जागा हवी होती. मी पहिली ते सातवीच्या शिकवण्या घेते. बावीस पोरं, आणि ती सगळी पुढच्या खोलीत, सासऱ्यांच्या टीव्हीसमोर. मी एका कानाने पाढे ऐकायचे आणि दुसऱ्या कानाने बातम्या. अंगणात पत्र्याची शेड टाकली तर माझं भलं होणार होतं. नवऱ्याला सांगितलं. नवरा मुंबईत नोकरीला जातो आणि घरी आला की सगळ्यांशी सहमत असतो. मला म्हणाला, "बरोबर आहे तुझं." मग बाहेर जाऊन वडिलांना म्हणाला, "बरोबर आहे बाबा तुमचं." आणि जेवून झोपला. अशा माणसाबरोबर संसार करताना बाईला स्वतःच हातपाय हलवावे लागतात.

गिऱ्हाईक मीच शोधलं. किनाऱ्याकडच्या एका रिसॉर्टवाल्याला जेवणाच्या हॉलमध्ये ठेवायला होडी हवी होती. होडीत बर्फ घालायचा, बर्फावर काकडी, टोमॅटो, बीट मांडायचं आणि मुंबईहून आलेल्या लोकांनी ताट घेऊन तिच्याभोवती फिरायचं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, लोकांना एकदम कोळीवाड्याचा फील आला पाहिजे." त्यांच्याकडचे मासे गोठवलेल्या पाकिटातून येतात हे मला ठाऊक होतं. पण मी कशाला बोलू? मला शेड हवी होती.

सासऱ्यांना हे सांगायची सोय नव्हती. बाप्यांनी कमरेवर हात ठेवून ज्या होडीत उभं राहायचं तिच्यात बीट ठेवणार म्हटलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं. म्हणून मी म्हटलं, "बाबा, डहाणूकडचा एक माणूस आहे. गरीब आहे. मासेमारीला होडी बघतोय." खोटं बोलायला मला कधीच फार त्रास पडत नाही. तो नंतर पडतो.

सासऱ्यांनी काठीने होडीच्या बुडावर दोनदा टकटक केलं. मग म्हणाले, "देऊ. पन फुटकी होडी मी कोनाला देनार नाय. पान्यात गेल्यावर त्याला काय झाला तर त्याचा पाप मना."

झालं. काकडीसाठी जाणाऱ्या होडीची डागडुजी सुरू झाली.

त्यांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून वाकायचं काम माझ्याकडे आलं. ते खुर्ची टाकून हातातल्या काठीने दाखवायचे आणि मी घासायची. जुना रंग, त्याच्याखाली आणखी जुना रंग, चिकटलेली कालवं, सगळं. फायबर घासलं की काचेची बारीक कुसळं उडतात आणि ती कुठेकुठे जातात हे सभ्य बाईने लिहू नये. मी आठ दिवस ओरबाडत होते. शेजारणीने विचारलं, "अंगावर काय उठलंय गं?" मी म्हटलं, "प्रगती."

मग रेझिन. हे मधासारखं घट्ट असतं, ते आळून कडक व्हायला त्यात हार्डनरचे थेंब घालायचे, काचेच्या धाग्यांच्या मॅटचा तुकडा भोकावर ठेवायचा आणि ब्रशने रेझिन जिरवायचं. सासरे हार्डनर बाटलीच्या झाकणाने मोजायचे. ऊन चढलं की कमी, ढग आले की जास्त. मी म्हटलं, यात काय मोठंसं, रोज कुकरला पाणी अंदाजानेच घालते. दुपारी बारा वाजता, भर उन्हात, प्लास्टिकच्या मगातल्या रेझिनमध्ये मी हार्डनर अंदाजाने घातलं. मगमधून धूर निघायला लागला, तो मगच वितळून पिसाच्या मनोऱ्यासारखा वाकला आणि आतलं रेझिन दगड झालं. तो माझा आंघोळीचा मग होता. सासरे हसले नाहीत. म्हणाले, "घाईचा काम समिंदरावर चालत नाय, बाय."

पण खरा घोळ रेझिनने नाही, माझ्या तोंडाने केला. सासऱ्यांची पद्धत अशी, की होडी दुरुस्त करायची तर ती कुठल्या किनाऱ्याला लागणार ते आधी बघायचं. रेतीवर ओढायची असेल तर एक तऱ्हा, चिखलात बसायची असेल तर दुसरी. एका सकाळी त्यांनी विचारलं, "त्याच्या बंदराला काय हाय? रेती का चिखल?"

मला काय माहीत. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "खडक असावेत."

ते उठून बसले. "खडक? मंग दोन थरांनी काय व्हनार? पाच पायजेत."

त्या एका शब्दापायी आम्ही अख्खं बूड पुन्हा घासलं आणि तीन जादा थर चढवले. दर थर वाळवायचा, घासायचा, मग पुढचा. मी मनातल्या मनात त्या खडकांना शिव्या घातल्या. पण यावरून शहाणं व्हावं ना? चार दिवसांनी त्यांनी विचारलं, "बरोबर कोन जातो त्याच्या?" मी म्हटलं, "दोन पोरं आहेत, तीच जातात." मला वाटलं, घरगुती उत्तर आहे, यात खर्च वाढण्यासारखं काही नाही. तर सासऱ्यांनी आतल्या बाजूला दोन्हीकडे हातभर लांब कठडे बसवायला लावले. पोरं लहान असतील, लाट आली तर धरायला काहीतरी हवं, म्हणाले.

मी त्या डहाणूवाल्याला इतकी वैतागले होते की एकदा, सगळं ठाऊक असलेल्या नवऱ्याला म्हणाले, "बाबांच्या त्या माणसाला अजून किती लाड हवेत?" नवरा म्हणाला, "बरोबर आहे तुझं." मग जरा थांबून म्हणाला, "पण तो आहेच कुठे?" लग्नानंतरच्या अकरा वर्षांत हा मनुष्य पहिल्यांदा कामाचं बोलला होता, आणि मी त्याला गप्प बस म्हटलं.

सासऱ्यांना त्याच्याशी फोनवर बोलायचं होतं. मी म्हटलं, समुद्रात असतो, रेंज नसते. हे त्यांना लगेच पटलं. आजवर मी त्यांना दिलेल्या कारणांतलं हे एकच खरं वाटण्याजोगं होतं.

मग खाचाखळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंग दिला. खाली निळा, वर पांढरा, काठाला भगवी रेघ. ती रेघ त्यांनी स्वतः ओढली, खुर्ची इंचाइंचाने सरकवत, दोन दिवस. शेवटची परीक्षा पाण्याची. होडी सुलटी करून टायरांवर बसवली आणि आत पाणी भरलं, बाहेर कुठे ओल येते का बघायला. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि टाकी भरायला मी पहाटे उठते. ती अख्खी टाकी होडीत गेली. मी चार घरांतून कळशा आणून स्वयंपाक केला आणि सासरे कोरड्या बुडावरून हात फिरवत बसले. एक थेंब बाहेर आला नाही. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. मलाही, खोटं कशाला बोलू, जरा छाती फुगल्यासारखं वाटलं. होडी खरोखरच देखणी झाली होती.

टेम्पो शनिवारी येणार असं ठरलं. मी सगळं जुळवून आणलं होतं. शनिवारी सासरे दवाखान्यात जातात, येईपर्यंत दुपार होते. मॅनेजर शुक्रवारी सकाळी आला. टेम्पो रिकामा मिळाला म्हणे.

सासरे खुर्चीतच होते. डहाणूवाल्याने पाठवलेला माणूस समजून त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि होडी समजावून द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे होडी देताना तिच्या सवयी सांगून देतात. ही डावीकडे जरा कलते, जाळं उजवीकडे ठेवायचं. मॅनेजर काळा चष्मा डोक्यावर चढवून मान हलवत राहिला. मग मला म्हणाला, "मॅडम, एकच. खाली दोन-तीन भोकं पाडायला लागतील. बर्फ वितळला की सॅलडखाली पाणी साचतं. आमचा माणूस तिकडे छिन्नीने पाडेल, पण तुम्हीच पाडून दिलीत तर बरं."

सासऱ्यांनी विचारलं, "सॅलड म्हंजे?"

त्याने सांगितलं. अगदी आदराने सांगितलं, काकडी, टोमॅटो, दिव्यांच्या माळा, सगळं. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं, पण जमीन होडीने अडवली होती.

सासऱ्यांनी भगव्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग मला म्हणाले, "ड्रिल आन."

मी आणलं. वायर लावली. ते खुर्चीतून उठले, काठी माझ्या हातात दिली आणि त्या न वाकणाऱ्या गुडघ्यांनी काठ धरून, एकेक पाय उचलून आत चढले. मी हात पुढे केला तर घेतला नाही. डाव्या अंगाला, पाणी जिथे जमणार तिथे, त्यांनी एकच भोक पाडलं. पाच थरांतून ड्रिल जायला वेळ लागला. मग त्यांनी भोकाची कड पॉलिश पेपरने घासली, माझ्याकडून रेझिन कालवून घेतलं आणि कडेला लावलं, म्हणजे पाणी फायबरमध्ये शिरून ते सडणार नाही. "एक पुरे," ते मॅनेजरला म्हणाले. "छिन्नी लावू नको."

मॅनेजर म्हणाला, "परफेक्ट, अंकल."

टेम्पो गेला. अंगण केवढंतरी मोठं दिसायला लागलं. मी पदराने हात पुसत उभी राहिले, बोलणी खायला तयार. खरं तर मला ती हवीच होती. सासरे ओट्यावर बसले, पायावरची काचेची कुसळं झटकली.

"मंग त्या डहाणूवाल्याचा काय?" त्यांनी विचारलं. "तू होडी यांना दिलीस. तो पोरांना घेऊन आता कशात जानार?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारताहेत. मग कळलं. मी खोटं बोलले असेन हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं मी एका गरीब माणसाला फसवलं.

"बाबा, असा कोणी माणूस नाहीच," मी म्हटलं. "मी बनवून सांगितलं. मला शेडसाठी जागा हवी होती."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच खरं बोलले होते आणि ते मान्य करायला त्यांना वेळ लागत होता.

"म्हंजे पोरं पन नायत?"

"नाहीत."

"बरा झाला," ते म्हणाले. "मना वाटला, कोनाचा तरी हंगाम गेला आपल्यामुळे."

आणि ते आत गेले, टीव्ही लावायला.