हलवलेली कबर

हुबर्टीने एसर या बाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते संत मार्टिनच्या मिरवणुकीत. वायडनराट गावच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. अंधार पडल्यावर मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत चर्चकडे निघाली होती आणि सगळ्यांच्या मागे ही बाई एकटीच चालत होती. तिच्याही हातात कंदील होता, हंसाच्या आकाराचा, डिंकाचे डाग पडलेला. पण मोठी माणसं धरतात तसा तिने तो धरला नव्हता. हात खाली सोडून, जरा वाकून, पहिलीतल्या मुलाच्या उंचीवर धरला होता.

"तिच्या यकोबचा आहे," माझ्या शेजारच्या लाम्बर्ट्झबाई हळूच म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यात तापानं गेला. आज तुमच्या वर्गात असता."

मिरवणूक संपली की तो कंदील यकोबच्या कबरीवर जाई. दरवर्षी. त्यात कधी खंड पडला नाही.

एवढ्यावरून कुणी त्यांना रडकं समजू नये. गाव त्यांना टिनी म्हणे, काही वर्षांनी मी टिनीबाई म्हणू लागलो. त्यांची जीभ त्यांच्या आलुबुखारच्या केकसारखी होती, आंबट, आणि पुन्हा हवीशी वाटणारी. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं, "मास्तर चांगले आहेत, फक्त घरात बोलायच्या आधी हात वर करायला लावतील, तेवढं सांभाळ." त्यांचे यजमान गेरेऑन ट्रॅक्टर दुरुस्त करत. ते कमी बोलत, आणि बोलले तर खाणीबद्दल.

कोळशाची ती उघडी खाण आम्ही तरुण असताना क्षितिजापलीकडे होती. मी निवृत्त झालो तेव्हा एसरांच्या माळ्यावरून तिच्या अवजड यंत्राचं टोक दिसू लागलं होतं. राज्य सरकारने वायडनराट खणायला कधीच परवानगी दिली होती. महामार्गापलीकडे कंपनीने नवं गाव बांधलं, रस्त्यांना जुनीच नावं दिली. एकेक घर तिकडे जाऊ लागलं. जिवंत माणसं गेली तशी मेलेलीही. पांढऱ्या कापडाचा आडोसा करून कबरी उघडत, आणि जे उरलं असेल ते नव्या दफनभूमीत नेऊन पुरत.

गेरेऑननी फाटकावर पाटी लावली, 'आम्ही हलणार नाही.' त्यांची सगळी आशा मे महिन्यातल्या राज्याच्या निवडणुकीवर होती. खाण थांबवू म्हणणारे लोक या वेळी निवडून येतील असं ते सांगत. त्यावर खाणावळीत लोक हसत. आमच्याकडे एकच पक्ष इतकी वर्षं सत्तेत होता की मुलं त्याला हवामानासारखं धरून चालत. टिनीबाईही हसत.

"सरकार बदलतं गेरेऑन, खड्डा तोच राहतो," त्या म्हणत.

पण त्यांची काळजी वेगळीच होती. यकोबच्या कबरीच्या एका बाजूला गावातल्या ओडीलिया आजी होत्या, दुसऱ्या बाजूला जुने पाववाले. त्या हिवाळ्यात दोन्ही कबरी हलवल्या गेल्या. मग त्या रांगेत यकोब एकटाच उरला. टिनीबाई मला दफनभूमीच्या भिंतीजवळ भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "त्याला अंधाराची भीती वाटायची, मास्तर. आजी शेजारी आहेत म्हणून मला बरं वाटायचं. आता त्याच्याजवळ कुणीच नाही. आणि ते यंत्र येईल तेव्हा पहिला तोच असेल."

त्या झोपेनाशा झाल्या. अखेर मार्चमध्ये गेरेऑननी कबर हलवायला संमती दिली. पाटी मात्र फाटकावर तशीच राहिली. "तिला झोप लागावी म्हणून दिली," एवढंच ते मला म्हणाले. पहाटे आडोसा उभा राहिला तेव्हा टिनीबाई आत गेल्या, गेरेऑन बाहेर पाठ करून उभे राहिले.

मेमध्ये मतदान माझ्या जुन्या शाळेतच झालं. केंद्राची जबाबदारी माझ्याकडे होती. टिनीबाई चर्चहून थेट आल्या, मत टाकलं, आणि म्हणाल्या, "फळा नीट पुसलेला नाही." गेरेऑन मतदान संपायच्या जरा आधी आले.

संध्याकाळी आम्ही टेबलावर मतपत्रिका ओतून मोजायला बसलो. आमच्याकडे मोजणी कुणालाही उभं राहून पाहता येते, पण उरलेलं गाव समोरच्या खाणावळीत टीव्हीपुढे होतं. थोड्या वेळाने तिकडून आरोळी ऐकू आली, ग्लास आपटल्याचे आवाज आले. मग दारात गेरेऑन दिसले.

"मास्तर," ते म्हणाले, "सरकार पडलं."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. ते आत आले, पहिल्या बाकाजवळच्या छोट्या खुर्चीवर बसले, गुडघे पार छातीशी आले.

"आता टिनीला कसं सांगू?" ते म्हणाले.

मोजणी आटोपून मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांना एकट्याने घरात शिरायचं नव्हतं. टिनीबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. रेडिओ बंद होता, पण अजून गरम होता.

"थोडं थांबायला हवं होतं, एवढंच सांगायला आलात ना दोघं?"

"मी तसं म्हटलं नाही," गेरेऑन म्हणाले.

"म्हणणारही नाहीस. तेच वाईट आहे." त्यांनी आणखी एक बटाटा उचलला. "मास्तर, बसा. हे बटाटे आता दोघांना जास्तच होणार आहेत."

नव्या सरकारच्या वाटाघाटी उन्हाळाभर चालल्या. शरद ऋतूत जाहीर झालं की खाण आमच्या गावापर्यंत न पोहोचताच थांबेल. वर्तमानपत्रवाल्यांनी गेरेऑनचा फाटकावरच्या पाटीजवळ फोटो काढला. त्यात ते हसलेले नाहीत.

यकोबला परत आणता आलं असतं. पाद्र्यांनी तशी विचारणाही केली होती. टिनीबाई म्हणाल्या, "एकदा उठवलं त्याला. पुन्हा नाही उठवणार." त्या रोज बसने नव्या गावी जाऊ लागल्या. मग वायडनराटला माणसंच उरली नाहीत म्हणून बस कमी झाल्या, आणि एका हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्यांचा खुबा मोडला. तेव्हा नव्या दफनभूमीसमोर त्यांनी एक खोली घेतली, बरं वाटेपर्यंत म्हणून.

गेरेऑनना मी विचारलं, तुम्हीही का जात नाही? त्यांनी मला दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघा दाखवल्या. यकोबची उंची मोजलेली, शेवटची रेघ गेरेऑनच्या कमरेच्या पट्ट्यापर्यंत. "हे कुठे नेऊ?" ते म्हणाले. जुन्या दफनभूमीत, जिथून कबर उचलली, तिथे भरलेल्या मातीवर गवत वेगळ्या रंगाचं उगवलं आहे. ते गेरेऑन कापत असतात. मी पाहिलं आहे. त्याबद्दल ते टिनीबाईंशी बोललेत की नाही, मला माहीत नाही.

भांडण त्यांच्यात कधी झालं नाही. टिनीबाई अजून त्या खोलीतच राहतात. शनिवारी सकाळच्या बसने त्या वायडनराटला जातात, गेरेऑनसाठी वाटाण्याचं सूप मोठ्या पातेल्यात करून ठेवतात आणि दुपारच्या बसने परत येतात.