नानांनी रोखलेले अर्ज

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याहून अमळनेरला येणाऱ्या एसटीत होते. त्याला आता महिना झाला. रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं... बरं झालं, त्यांची माफी मी वेळेत मागितली होती.

नाना आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर क्लार्क होते. अब्बा गाद्या भरतात. अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मिळाली नसती तर दुसऱ्याच वर्षी माझं कॉलेज सुटलं असतं. त्या वर्षी मुदत संपायला चार दिवस उरले, तरी आम्हा काही जणांचे अर्ज नानांच्या ड्रॉवरमध्येच. विचारलं की म्हणायचे, बघू. मी मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेली. ‘बघू’ ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. शिष्यवृत्ती आमचा हक्क आहे, तो दाबणाऱ्या बाबूला जाब विचारा, असं पत्रक नानांचं नाव घालून लिहिलं आणि गेटवर चिकटवलं.

खरं काय ते अब्बांकडून कळलं. आमचे उत्पन्नाचे दाखले जुने झाले होते. अब्बांनी तर माझा लॅमिनेट करून ठेवलेला. प्लास्टिकमध्ये गेलेला कागद कायमचा झाला, ही आमच्या मोहल्ल्याची पक्की समजूत. तसेच पाठवले असते तर अर्ज बाद झाले असते, आणि पुन्हा भरायला वेळ नव्हता. म्हणून नाना घरोघर जाऊन आमच्या वडिलांच्या सह्या घेत होते, नव्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीत खेटे घालत होते. अब्बांना त्यांनी बजावलं होतं, पोरीला सांगू नका, ती कचेरीवर मोर्चा नेईल.

दाखले शेवटच्या दुपारी आले. अर्ज गेले. मी गेटवरचं पत्रक खरवडून काढलं आणि नानांपुढे जाऊन माफी मागितली. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुन्हा पत्रकमा बठ्ठं खरं शे. माणूस तेवढा चुकना." म्हणजे लिहिलेलं सगळं खरं, नाव तेवढं चुकीच्या माणसाचं.

मग शेजारची खुर्ची ओढली आणि मला पुढच्या मुलांचे अर्ज तपासायला बसवलं. तेव्हापासून दर वर्षी अर्जांच्या दिवसांत मी तिथे बसते. एका भल्या क्लार्कच्या धावपळीवर कुणाचं शिक्षण टिकावं, हे मला आजही मान्य नाही. नानांनाही नव्हतं.

गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी जुना दाखला घेऊन आली. अर्ज आज जाणार नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं रोखून पाहिलं, की... मला माझंच पत्रक आठवलं आणि बरं वाटलं. नानांची एक गोष्ट मात्र मी उचललेली नाही. अर्ज का थांबवला, ते तिला तिथेच सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मग चला ना ताई, तहसीलला. दोघी जाऊ."

आम्ही गेलो.