तीनदा खिचडी, एकदा सुरमई

आमच्या मतदारसंघाचा इतिहास मला एका म्हाताऱ्याने शिकवला, तोही जेवणाच्या ताटावरून!

ऐंशीच्या दशकात जोगेश्वरीच्या शाळेत मतदान असलं, की मी फाटकाबाहेर टेबल मांडून मतदारांना चिठ्ठ्या लिहून द्यायचो. एका निवडणुकीला समोरच्या पायरीवर हा मालवणी म्हातारा सकाळपासून ठाण मांडून बसला होता आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला न्याहाळत होता. शेवटी हवालदाराने हटकलंच, "काय आजोबा, या वयात?"

"बायलेची राखण करतंय," तो शांतपणे म्हणाला.

बायको वारली होती. पण अर्ज देऊनही तिचं नाव यादीतून निघालं नव्हतं. तिच्या नावावर भलतीच कोणी मत टाकून जाईल, ही त्याला धास्ती.

"काकी मत कोणाला द्यायच्या?" मी विचारलं.

"माझ्या विरोधात! माजो माणूस जिकलो काय खिचडी, ती पण बिनमिठाची. तिचो जिकलो काय सुरमई!" मग त्याने बोटांवर सगळ्या निवडणुका मोजल्या. तीनदा खिचडी, एकदा सुरमई.

पुढच्या निवडणुकीला तो पुन्हा पायरीवर हजर. मी यादी चाळली आणि म्हणालो, "काका, काकींचं नाव निघालं. आता राखण नको."

तो उठला. आत जाऊन मत देऊन आला आणि बोटावरची शाई फुंकत पुटपुटला, "तिच्या माणसाक दिलंय रे."

निकालाच्या संध्याकाळी तो वाण्याकडे मुगाची डाळ घेताना दिसला.

"तिचो माणूस पडलो ना," म्हणाला. "मीठ घालूचा नाय."