रुसैलच्या मेसमधले दोन चणे

तो शुक्रवार आठवला की आजही माझं डोकं फिरतं. पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढली, खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले; पण इतका संताप कधी आला नव्हता. आणि ही केस माझ्या हद्दीतली तर सोडाच, देशातलीही नव्हती. निवृत्तीनंतर मुलाकडे मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये राहत होतो, तेव्हाची.

मस्कतजवळच्या रुसैलमधल्या एका कारखान्याच्या कामगार कॅम्पात माझ्या गावचा आचारी होता. बावीस वर्षं तिथेच. मेसचं सिमकार्ड त्याच्या नावावर आणि फोन स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला. कोणीही उचलावा. कॅम्पच्या मॅनेजरने गॅस मागवायला तो उचलला, तर पडद्यावर एक बाई पत्ते वाटत होती. ऑनलाइन कॅसिनो! ओमानमध्ये जुगार हा गुन्हा. आचाऱ्याला विचारलं, तर म्हणे, "सिम माझ्या नावावर, मीच जबाबदार." मॅनेजर मल्याळी, माणूस भला. मी आचाऱ्याच्या गावचा निवृत्त पोलीस, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, "साब, कल तक देखो. परसों पुलिस, खलास."

मेसमध्ये जेवणारे सहा जण, सगळे कोकणातले. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं. "आपल्याला काय ठाऊक नाय, साहेब." सहाही जणांची टेप एकच. एकाच शब्दांत सहा जबाब आले की समजावं, आधी बैठक झालेली आहे.

मग मी पत्त्यांचा कॅट मागवला. पैशांऐवजी चणे. डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, मी. जुगाराच्या क्लबांवर छापे घालून घालून, फोनवर दिसलेला हा कॅसिनोचा खेळ मला पाठ होता. नियम सांगितले. आधी एक चणा लावायचा. तुम्हाला दोन पत्ते, मला दोन, मध्ये तीन उघडे. डाव बरा वाटला तर आणखी दोन चणे लावा, नाहीतर पत्ते टाका. मग मध्ये अजून दोन पत्ते उघडायचे आणि ज्याचा डाव मोठा, चणे त्याचे. एक नियम मात्र मी मुद्दाम गाळला.

पाच जण तीन पत्ती खेळल्यासारखे खेळले. हातात काही नसताना माझ्यावर डोळे वटारायचे, मी घाबरून पत्ते टाकीन म्हणून! अरे बाबांनो, डीलर पत्ते टाकतच नाही. त्याच्याशी खेळताना फक्त आपला डाव बघायचा. सहावा, आचाऱ्याचा सख्खा मेहुणा, नेमकं तेच करत होता. माझ्या तोंडाकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

एका डावात त्याच्याकडे नुसता एक्का, माझी दुर्रीची जोडी. मी चणे ओढले, तसा तो उसळला. "ओ साहेब, असं कसं? निदान चौक्यांची जोडी नसेल तर डीलरचा डाव धरत नाहीत! ते दोन चणे परत द्या."

"हा नियम मी कधी सांगितला?"

त्याचा चेहरा उतरला. बाकीचे पाच खाली बघू लागले. मेल्यांना सगळं माहीत होतं! दोन वेळा आचाऱ्याच्या हातचं गिळायचं आणि त्यालाच तुरुंगात जाऊ द्यायचं! लाज कशी वाटत नाही?

आचारी हात जोडून पुढे आला. "साहेब, जाऊ द्या. माझंच नाव राहू दे. बायकोचा एकुलता एक भाऊ. तिला काय सांगू?"

माझा तोल गेला. "मीच सांगतो," म्हणालो, आणि सगळ्यांसमोर त्याच्या घरी फोन लावला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्यावरच कडाडल्या. "भावाला ओवाळते म्हणून नवऱ्याला तुरुंगात घालीन, असं वाटलं होय तुम्हाला? मला एकदा विचारलंत तरी? द्या त्या मेल्याकडे फोन!"

मेहुण्याने त्याच दुपारी मॅनेजरसमोर लेखी कबुली दिली. आचाऱ्याची नोकरी वाचली.

घरी परतताना राग येत होता तो स्वतःचाच. घरच्या कोणासाठी तरी गुन्हा अंगावर घेणारे नोकरीत मला कमी भेटले नव्हते. मनात शंका असूनही मी त्यांचे जबाब मुकाट्याने लिहून घेतले, केसेस निकाली काढल्या, वरिष्ठांची शाबासकी घेतली. त्यांतल्या एकाच्याही बायकोला मी कधी फोन केला नाही.